उंची टीव्ही घ्यावा, पण कोणत्या महिन्यात?



युरियाचा दुसरा हप्ता कधी द्यावा, कांदा कधी काढावा, हरभऱ्याला पाणी कधी तोडावे, असे प्रश्न घेऊन मंडळी आम्हा शेती खात्याच्या माणसांना भेटत असतात. अलीकडे त्यांत एका नव्या प्रश्नाची भर पडली आहे. "साहेब, घरात मोठा टीव्ही घ्यायचा म्हणतोय. आत्ताच घ्यावा की दिवाळीपर्यंत थांबावे?"

हा प्रश्न शेतीचा नाही असे म्हणून हसण्यावारी नेता येत नाही. पूर्वी टीव्ही म्हणजे चार-पाच हजारांचा मामला असे. आज ५५ इंची, ६५ इंची उंची संचाची किंमत लाखाच्या घरात जाते, कधी त्याहून वर. एवढ्या रकमेत ठिबक होते, दुभती गाय येते, मुलाच्या शिक्षणाचे एक वर्ष निघते. मग निर्णय विचाराने नको का घ्यायला? घेऊ नका असे मी मुळीच सांगणार नाही. हौसेला मोल नसते आणि दिवसभर रापणाऱ्या माणसाला संध्याकाळी चार घटका करमणूक हवीच. पण पेरणीला जसा वाफसा पाहतो, तसा या खरेदीलाही एक वाफसा असतो. तो कसा ओळखावा, एवढेच आज पाहू.

एक दुकान, दोन गिऱ्हाइके

पुण्याजवळची खडकी तुम्हां-आम्हांला चांगली ठाऊक आहे. किर्लोस्कर ऑइल इंजिन्स ही कंपनी १९४६ साली इथेच सुरू झाली. कितीतरी विहिरींवर वीज पोहोचण्याआधी पाणी उपसले ते अशा इंजिनांनी. पुणे कृषी उत्पन्न बाजार समितीचा एक उपबाजारही खडकीत आहे, तिथे भाजीपाला येतो. याच खडकीत १८६९ साली इंग्रजांनी उभारलेला दारूगोळा कारखाना आहे. म्हणजे या गावच्या बाजारपेठेत दोन तऱ्हेचे गिऱ्हाईक येते. एक कारखान्यातला कामगार, दुसरा माल विकून खिशात पट्टी घेऊन निघालेला शेतकरी.

आता पाहा. कामगाराचा पगार दर महिन्याला ठरल्या तारखेला होतो. दसरा-दिवाळीच्या तोंडावर त्याला बोनस मिळतो. म्हणून दुकानदार आपली मोठी सवलत दसरा-दिवाळीला लावतो आणि हप्ते महिन्याचे ठेवतो. यात दुकानदाराचे काही चुकत नाही. ज्याच्या हाती ज्या वेळी पैसा, त्या वेळी त्याच्यापुढे माल मांडावा, हाच व्यापार. चूक होते ती आपण कामगाराच्या कॅलेंडरप्रमाणे खरेदीला निघतो तेव्हा. आपल्या हाती पैसा महिन्याच्या तारखेला येत नाही. तो पिकाबरोबर येतो आणि आला त्याच पावली पुढच्या पिकाकडे निघालेला असतो.

तेव्हा पहिली गोष्ट ही, की दुकानाचे कॅलेंडर वेगळे आणि आपल्या शेताचे पंचांग वेगळे. दोन्ही जिथे जुळतील, तो आपला मुहूर्त.

थांबलेल्याचे काय गेले?

मुंबई दूरदर्शन सुरू झाले २ ऑक्टोबर १९७२ रोजी. पुढच्याच वर्षी सिंहगडावरच्या मनोऱ्यावरून पुण्याला कार्यक्रम दिसू लागले आणि शहरात घरोघर सिंहगडाकडे तोंड केलेले अँटेना उभे राहिले. खेड्यांत संच फार थोडे. शेतकऱ्यांसाठी 'आमची माती आमची माणसं' हा कार्यक्रम असे, तो पाहायला चावडीपुढे किंवा एखाद्या वाड्याच्या ओसरीवर गाव जमे.

१९८२ साली दिल्लीच्या आशियाई खेळांच्या वेळी रंगीत चित्र आले. ज्यांनी त्या घाईत रंगीत संच घेतले, त्यांनी फार मोठी किंमत मोजली. १९८४ पासून देशभर लहान लहान प्रक्षेपण केंद्रे उभी राहिली आणि खेड्यांत चित्र दिसू लागले. २५ जानेवारी १९८७ रोजी 'रामायण' सुरू झाले आणि रविवारी सकाळी गावेच्या गावे टीव्हीपुढे बसली. त्या सुमारास गावांत बरेच संच आले. यात एक शहाणपण आहे. लोकांनी संच घेतला तो त्यावर पाहण्याजोगे काही आले तेव्हा आणि गावापर्यंत चित्र पोहोचले तेव्हा. नवे निघाले म्हणून कोणी धावत सुटले नाही. उशिरा घेणाऱ्याचे चार दिवसांचे मोठेपण गेले असेल, बाकी काही गेले नाही.

आजच्या उंची संचांना हाच नियम लागू आहे. नवी जात बाजारात आली की पहिल्या वर्षी ती सर्वांत महाग असते. दोन-तीन वर्षांत तीच जात मधल्या किमतीत येते.

टीव्ही म्हणजे चाळीतला कांदा नव्हे

चाळीतला कांदा ठेवला तर भाव वाढेलही आणि कांदा सडेलही. म्हणून तिथे थांबणे हा जुगार असतो. टीव्हीचे तसे नाही. खरेदी पुढे ढकलली तर आपले काही सडत नाही आणि बहुतेक वेळा तोच संच पुढे स्वस्त मिळतो.

याचे कारण समजून घ्या. दर जानेवारीत अमेरिकेतील लास वेगास शहरात इलेक्ट्रॉनिक वस्तूंचे मोठे प्रदर्शन भरते. जगातल्या कंपन्या तिथे वर्षाचे नवे नमुने दाखवतात. ते नमुने आपल्याकडच्या दुकानांत साधारण उन्हाळ्याच्या सुमारास येऊ लागतात. नवे येण्यापूर्वी जुने हलवावे लागतात, म्हणून त्या दिवसांत मागच्या वर्षीच्या नमुन्यावर घासाघीस करता येते. यंदाच्या आणि गेल्या वर्षीच्या नमुन्यात पुष्कळदा नावापलीकडे फारसा फरकही नसतो. खोक्यावर बनावटीचा महिना आणि वर्ष छापलेले असते ते वाचावे. वर्ष-सव्वा वर्षापूर्वीचा संच असेल तर तसे दुकानदाराला तोंडावर सांगून भाव मागावा.

सरकारी कराचाही विचार करावा. ३२ इंचांहून मोठ्या टीव्हीवर पूर्वी २८ टक्के जीएसटी होता. २२ सप्टेंबर २०२५ पासून तो १८ टक्के झाला. मूळ किंमत एक लाख धरली, तर आधी एक लाख अठ्ठावीस हजार पडत होते, त्या तारखेनंतर एक लाख अठरा हजार. ज्याने त्या पितृपक्षात धीर धरला, त्याचे दहा हजार वाचले.

मात्र किंमत नेहमी उतरतच राहील, असेही डोळे झाकून समजू नये. टीव्हीतला काचेचा पडदा आणि आतले सुटे भाग बव्हंशी परदेशातून येतात. रुपया घसरला की ते महागतात. म्हणून ऐकीव गोष्टीवर न जाता स्वतः भाव टिपावेत. एक वही करा. मनात भरलेल्या एका नमुन्याचा पूर्ण क्रमांक लिहा आणि तीन महिने, दर महिन्याला एकदा, दोन दुकानांतला व मोबाइलवर दिसणारा भाव त्यापुढे मांडा. बाजारभावाची पट्टी जपून ठेवणाऱ्या माणसाला हे काही अवघड नाही. 'पन्नास टक्के सूट' अशी मोठी पाटी लागली, तरी तुमच्या वहीत तीन महिन्यांपूर्वीचा खरा भाव असेल. मग फसवणूक होण्याचे कारण नाही.

पिकाप्रमाणे मुहूर्त

आता आपल्या पंचांगाकडे वळू.

ऊस असलेल्यांनी: गाळप ऑक्टोबर-नोव्हेंबरात सुरू होते. तोड झाल्यापासून चौदा दिवसांत बिल द्यावे असा कायदा आहे, पण हप्ते मागेपुढे होतात हे आपण जाणतो. सोसायटीची कपात होऊन हाती पडेल ती खरी रक्कम. ती फेब्रुवारी-मार्चपर्यंत बहुधा स्पष्ट होते. त्याच सुमारास दुकानात जुने नमुने काढण्याची गडबड असते. म्हणजे ऊसवाल्याला गुढीपाडव्याच्या आसपासचे दिवस चांगले. मात्र खोडव्याचे खत आणि मशागत यांचे पैसे आधी बाजूला काढावेत.

सोयाबीन असलेल्यांनी: सोयाबीनचा पैसा आणि दिवाळीची सूट एकाच वेळी येतात, म्हणून मोह मोठा. पण तेव्हाच हरभरा-गव्हाची पेरणी दारात उभी असते. बियाणे, खत, मजुरी हे आधी. ज्याच्याकडे तूरही आहे, त्याने तुरीच्या पैशापर्यंत थांबावे. डिसेंबर-जानेवारीत तूर निघते आणि २६ जानेवारीच्या निमित्ताने दुकानांत पुन्हा सवलती असतात. दिवाळी गेली म्हणजे सारे गेले, असे मुळीच नाही.

रब्बी कांदा असलेल्यांनी: चाळीतला कांदा हा पैसा नव्हे, तो अजून कांदाच आहे. भाव वाढतील या भरवशावर टीव्ही उचलणे म्हणजे उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग. कांदा विकून पट्टी हातात पडली आणि पुढच्या रोपांचा खर्च निघाला, की मग विचार करावा. तो ऑगस्टमध्ये विकला तर १५ ऑगस्टची सूट असते, सप्टेंबर-ऑक्टोबरात विकला तर दसरा आहेच.

दूध आणि भाजीपाला असलेल्यांनी: तुमचा पैसा थोडा पण नेमाचा. दुधाच्या पगारातून दर वेळी ठराविक रक्कम टीव्हीच्या नावाने वेगळी ठेवा. दहा दिवसांच्या पगारातून दोन हजार काढले तर वर्षात बहात्तर हजार होतात. थेंबे थेंबे तळे साचे. आणि वर्षभर साठवताना मन पालटले, तर त्या पैशात गायही येते.

पीक कर्जाच्या पैशाला हात नको

या लेखातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट हीच, म्हणून जरा सावकाश वाचा.

तीन लाखांपर्यंतचे पीक कर्ज सात टक्के दराने मिळते. वेळेवर फेडणाऱ्याला केंद्र सरकारची तीन टक्के सवलत मिळते आणि राज्यात डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजनेमुळे वेळेत फेडलेल्या कर्जावर व्याजाचा भार प्रत्यक्षात शून्यावर येतो. पण अट एकच, ठरल्या तारखेच्या आत फेड. तारीख चुकली की सवलत गेली.

आता हिशेब करा. तीन लाखांचे कर्ज आहे. दिवाळीला लाखाच्या टीव्हीवर बारा हजारांची सूट दिसली. कर्जफेडीसाठी ठेवलेल्या पैशातून टीव्ही घेतला. पुढे भाव पडला किंवा अवकाळी पाऊस झाला आणि तारीख हुकली. तीन लाखांवर वर्षाचे सात टक्के म्हणजे एकवीस हजार रुपये व्याज अंगावर पडले. बारा हजार वाचवायला गेलो आणि एकवीस हजार घालवले. शिवाय थकबाकीदार म्हणून पुढच्या हंगामाच्या नव्या कर्जाला अडचण. मग बियाणे-खत उधारीवर घ्यायचे आणि उधारीचा भाव किती चढा असतो, ते तुम्हांला मी सांगायला नको. टीव्हीची किंमत दुकानातल्या चिठ्ठीवर पूर्ण लिहिलेली नसते, ती अशी दुसऱ्या खात्यातून वसूल होते.

म्हणून कर्जाच्या कागदावरची फेडीची तारीख बँकेत किंवा सोसायटीत विचारून घरातल्या कॅलेंडरवर लाल शाईने लिहा. ती तारीख पार पडेपर्यंत टीव्हीच्या दुकानाची पायरी चढू नका.

बिनव्याजी हप्त्याचे गूढ

"साहेब, व्याजच नाही, मग हप्त्याने का नको?" असे काही जण विचारतात. बिनव्याजी पैसा कोणी देत नसतो. रिझर्व्ह बँकेने २०१३ सालीच बँकांना बजावले होते, की शून्य टक्के व्याज असे काही नसते. व्याज कुठेतरी मुरलेले असते. कधी रोखीने घेणाऱ्याला मिळणारी सूट हप्तेवाल्याला मिळत नाही, कधी कागदपत्रांचा आकार वेगळा घेतात. दुकानात दोन प्रश्न विचारा. आज पूर्ण पैसे मोजले तर कितीला द्याल? आणि हप्त्याने घेतले तर सगळे मिळून माझ्या खिशातून किती जातील? दोन्ही आकडे कागदावर लिहून घ्या. त्यांतला फरक म्हणजे व्याज.

दुसरी अडचण त्याहून मोठी. हप्ता दर महिन्याला येतो, पीक दर महिन्याला येत नाही. जून-जुलैत पेरणी चालू असताना घरात पैसा नसतो, तेव्हाही हप्ता तारखेला हजर. चुकला की दंड आणि पत खराब. पत खराब झाली की पुढे ट्रॅक्टरचे कर्जही अडते. ज्याच्या घरी दुधाचा नेमाचा पैसा आहे किंवा कोणी नोकरीत आहे, त्याने हवे तर हप्ता घ्यावा. बाकीच्यांनी या वाटेला जाऊ नये.

जिरायतात उसाची लागण

पैसा जमला. आता पाहा, की एवढा उंची संच तुमच्या गावात चालेल का?

उंची टीव्हीचे सारे कौतुक त्याच्या बारीक, रेखीव चित्रात असते. ज्याला फोर-के म्हणतात, त्या पडद्यावर आडवे ३८४० आणि उभे २१६० इतके ठिपके असतात. पण चित्र तितके चांगले दिसायला मुळात तितके चांगले चित्र घरात यावे लागते. फ्री डिशवरच्या बहुतेक वाहिन्या साध्या प्रतीच्या आहेत. तेच चित्र मोठ्या पडद्यावर ताणले की अधिकच धूसर दिसते. फोर-के चित्र मुख्यतः इंटरनेटवरून येते आणि त्याला तासाला सात जीबीपर्यंत डेटा लागतो. मोबाइलचा दिवसाचा दीड-दोन जीबी डेटा पंधरा-वीस मिनिटांत संपेल. म्हणजे घरात तारेचे चांगले इंटरनेट नसेल, तर उंची टीव्ही घेणे म्हणजे जिरायत रानात उसाची लागण करण्यासारखे झाले. बेणे कितीही चांगले असो, पाणी नाही तर काय उपयोग? गावात फायबर येणार असे ऐकत असाल, तर ते प्रत्यक्ष घरात येईपर्यंत थांबा. तोवर टीव्हीही स्वस्त होईल.

खोलीही मापा. टीव्हीचे इंच हे पडद्याच्या कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत, तिरपे मोजतात. ४३ इंचाला साधारण साडेपाच फूट, ५५ इंचाला सात फूट आणि ६५ इंचाला आठ फूट अंतरावरून पाहणे बरे पडते. पडवीत दहा जण बसणार असतील तर मोठा पडदा कामाचा. लहान खोलीत भिंत भरून टीव्ही लावला तर मान दुखेल.

जातींविषयी थोडे. ओएलईडी जातीत प्रत्येक ठिपका स्वतः उजळतो, म्हणून काळा रंग खरा काळा दिसतो आणि अंधाऱ्या खोलीत चित्र फार सुरेख उमटते. पण पडद्यावर एकच खूण किंवा बातम्यांची पट्टी रोज तासन्‌तास राहिली, तर तिचा कायमचा डाग उमटण्याची भीती असते. क्यूएलईडी आणि मिनी एलईडी जातींत मागून उजेड असतो. दारे-खिडक्या उघड्या असलेल्या उजेडाच्या घरात त्या उजव्या पडतात. आपल्या बहुतेक घरांत दिवसभर दार उघडे आणि बातम्या चालू. तेव्हा सर्वांत महाग तेच आपल्याला योग्य, असे समजू नये. आठ-के नावाचा प्रकारही दाखवतील. त्यावर पाहण्याजोगे आज फारसे काहीच नाही, तेव्हा त्याच्या नादी लागू नये.

विजेचाही हिशेब असतो. ५५ इंची साधा एलईडी संच रोज पाच तास चालला तर महिन्याला अंदाजे अठरा युनिट जळतात, ३२ इंचीला सात-आठ पुरतात. मागच्या पट्टीवर तारे आणि वर्षाचे युनिट लिहिलेले असतात ते पाहावेत. तुमचे बिल शंभर युनिटांच्या काठावर असेल, तर ती रेषा ओलांडली की वरच्या युनिटांचा दर बराच चढतो, हे ध्यानात असू द्या.

घरी आणताना आणि आणल्यावर

मोठा संच टेम्पोत आडवा झोपवून आणू नये. उभाच आणावा आणि दोन्ही बाजूंनी आधार द्यावा. पडदा काचेचा आहे. तो फुटला तर हमीत बसत नाही आणि नवा पडदा घालायला जवळजवळ नव्या संचाइतका खर्च येतो. जुना डबा-टीव्ही गावचा मेकॅनिक डाग देऊन दुरुस्त करीत असे. हे नवे संच तसे दुरुस्त होत नाहीत. म्हणून कंपनीचे अधिकृत सेवा केंद्र तालुक्याला आहे की जिल्ह्याला, माणूस गावात येतो का, हे आधी विचारावे. पक्के बिल घ्यावे, त्यावर संचाचा क्रमांक लिहून घ्यावा आणि खोके उघडताना मोबाइलवर चित्रण करून ठेवावे.

वळवाच्या पावसात विजा कडाडू लागल्या की टीव्हीची पिन काढावी आणि छत्रीची म्हणजे डिशची तारही काढून ठेवावी. नुसते बटण बंद करून भागत नाही. विजेने जळालेला संच बहुतेक हमीपत्रांत बसत नाही. घराला चांगले अर्थिंग नसेल तर आधी ते करून घ्या, लाखाच्या संचाला एवढा मान द्यायलाच हवा. आणि म्हणूनच मी सांगतो, की एप्रिल-मेमध्ये घेतलेला संच पहिल्याच महिन्यात विजांच्या तोंडी येतो. त्या दिवसांत घेतलात तर अर्थिंगचे काम टीव्ही येण्याच्या आदल्या दिवशी झालेले असावे.

कोणी थांबू नये?

एवढे सगळे वाचून काही जण म्हणतील, साहेब तर थांबा, थांबा म्हणूनच सांगतात. तसे नाही. घरातला संच पार बंद पडला आहे, म्हातारे वडील अंथरुणाला खिळून आहेत, त्यांचा दिवस भजन-कीर्तन ऐकण्यात जातो, तर तिथे वहीत भाव टिपत तीन महिने काढू नयेत. ३२ किंवा ४३ इंची साधा संच आजच आणावा. पुढे उंची घेतला, की तो लहान संच त्यांच्या खोलीत राहील. वस्तू स्वस्त होण्याची वाट पाहता येते, आई-वडिलांच्या दिवसांना तशी वाट पाहता येत नाही.

तसेच, हा निर्णय एकट्या कारभाऱ्याने दुकानात उभ्या उभ्या करू नये. घरधनीणीला विचारावे. तिच्या मनात कदाचित आधी स्वयंपाकघराचे छत असेल, कदाचित मुलीच्या वसतिगृहाची फी असेल, कदाचित तिलाच मोठा टीव्ही हवा असेल. शेतात तिचे कष्ट निम्मे, तर मताला निम्मा वाटा का नको? मुलांनाही हिशेबाला बसवावे. कर्जाची तारीख, खताचा खर्च आणि टीव्हीचा भाव ही तीन कागदे एका शेजारी एक ठेवून मुलांनी एकदा पाहिली, तर शाळेच्या पुस्तकाबाहेरचे मोठे गणित ती शिकतील.

थोडक्यात सांगतो. पुढच्या हंगामाचे बियाणे-खत बाजूला काढले, कर्जाची तारीख पार पडली, आजारपणाला चार पैसे शिल्लक आहेत, घरात चांगले इंटरनेट आले आहे आणि वहीत तीन महिन्यांचे भाव आहेत. या पाच गोष्टी ज्या दिवशी जुळतील, तो दिवस पाडव्याचा असो की साध्या मंगळवारचा, खुशाल दुकानात जा, पूर्ण पैसे मोजा आणि मनाजोगता संच घेऊन या. यांतली एक जरी उणी असेल, तर दुकानातली सूट कितीही मोठी असो, ती तुमच्यासाठी नाही. ती ज्याचा पगार पहिल्या तारखेला होतो त्याच्यासाठी आहे.

आणि हो, टीव्ही आल्यावर पहिल्या संध्याकाळी शेजारपाजाऱ्यांना बोलवा. ओसरीवर गाव बसून टीव्ही पाहण्याची जुनी रीत काही वाईट नव्हती.

कळावे.